वाटूरची शीव आणि देशाची सरहद्द

दसऱ्याचे सोने वाटून झाले, सीमोल्लंघन झाले, आणि आता दिवाळीचा फराळ पुढ्यात घेऊन आपण सारे निवांत बसलो आहोत. 'सीमोल्लंघन' हा शब्द आपण दरवर्षी मोठ्या हौसेने उच्चारतो. पण ओलांडली ती सीमा कोणती, हे कुणी सहसा विचारत नाही. शहरात तर कोपऱ्यावरच्या आपट्याच्या पानांच्या ढिगापर्यंत जाऊन आले की सीमोल्लंघन आटोपते. खेड्यात अजून तसे नाही. माझे गाव वाटूर. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. तिथे म्हाताऱ्या माणसाला गावाची शीव विचारा. तो हात वर करून चारी दिशांचे दगड, ओढे आणि झाडे दाखवील.

अशा गावच्या माणसाने देशाच्या सरहद्दीवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. आणि ते साहजिकच आहे. घरात शाळकरी मुलाचा नकाशा असेल तर उघडून पाहा. वाटूर देशाच्या अगदी पोटात आहे. हिमालय तर दूरच, पण सगळ्यांत जवळचा समुद्र गाठायचा म्हटला तरी सरळ रेषेत साडेतीनशेहून अधिक किलोमीटर अंतर पडते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मागे विचारलेच, "सर, लोक सरहद्द सरहद्द करतात. आपल्याकडच्या माणसाचा आणि तिचा संबंध काय?"

प्रश्न रास्त होता. त्याला तासाच्या घंटेपूर्वी जे सांगता आले ते थोडे होते. उरलेले येथे सांगतो.

बांध, शीव, हद्द

मी मराठीचा मास्तर, तेव्हा आरंभ शब्दांपासूनच करू द्या. सीमेसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, पाहा! शेताला बांध, गावाला शीव, वस्तीला वेस, अंमलाला हद्द आणि राज्याला सरहद्द. 'शीव' हा संस्कृत 'सीमा' शब्दाचाच घरगुती अवतार. 'हद्द' अरबीतून आलेला. मुंबईकर रोज ज्या शीव स्टेशनावरून जातात, तेही एके काळी खरोखरच शिवेवरचे गाव होते. अलीकडे मुंबई बेट इंग्रजांचे आणि पलीकडे साष्टी पोर्तुगीजांची.

या शब्दांत 'बांध' मला फार शहाणा वाटतो. बांध एकट्याचा कधीच नसतो. तो दोघांचा असतो. अर्धा माझ्या अंगाचा, अर्धा शेजाऱ्याच्या. दोघांनी मान्य केला तर तो बांध. एकाने मान्य केला नाही तर ते नुसते मातीचे ढेकूळ. नांगराच्या प्रत्येक फेरीला वीतभर बांध कोरणारे महाभाग गावोगाव असतात. त्यांचे पुढे काय होते, ते तालुक्याच्या कोर्टात तारखेच्या दिवशी जाऊन पाहावे. वीतभर मातीपायी दोन पिढ्यांची कमाई वकिलांच्या घरी जाते.

आणि शीव? शिवेवर आपल्याकडे देव असतो. लग्नाचे वऱ्हाड आले की त्याचे पाय शिवेवर धुवावेत, नवरदेवाची तिथे पूजा करावी, अशी आपली रीत. तेच सीमांतपूजन. आता ते मंगल कार्यालयाच्या दिवाणखान्यात, आदल्या संध्याकाळी, पंख्याखाली होते. पण नाव अजून सीमांताचेच आहे. म्हणजे ज्या ठिकाणी परक्याला अडवायचे, त्याच ठिकाणी पाहुण्याला ओवाळायचे, हे दोन्ही अर्थ आपल्या पूर्वजांनी एका शिवेत घालून ठेवले आहेत.

वऱ्हाडातून आलेले वऱ्हाड

आता वाटूरकडे वळू. हे गाव सरहद्दीपासून दूर आहे असे मी म्हटले. पण ते आजचे. १९४८ सालापर्यंत वाटूर सरहद्दीजवळचेच गाव होते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उत्तरेला आणि ईशान्येला, बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर, वऱ्हाड लागे. आणि वऱ्हाडात कारभार इंग्रजांचा. कागदोपत्री मौज अशी की वऱ्हाडही निजामाचेच म्हणवले जाई! १८५३ मध्ये त्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिला गेला. एकाच धन्याच्या नावाचे दोन मुलूख, पण मध्ये सरहद्द पक्की. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. अलीकडे सरकारी कागद उर्दूत, पलीकडे कचेरीची रीत निराळी. आणि मालाच्या येण्याजाण्यावर जकात. या जकातीच्या खात्याला आमच्याकडे 'करोडगिरी' म्हणत. जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द परवापरवापर्यंत होता.

जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा पलीकडे, जालना अलीकडे. लोणारचे सरोवर पलीकडे, मंठा अलीकडे. बोली तीच, ज्वारी तीच, सोयरीकही एकमेकांत. माझी आजी लोणारकडची. तिचे लग्न १९४३ च्या सुमारास झाले, आणि वऱ्हाड वऱ्हाडातून निघून वाटूरला आले. वाटेत नाका लागला. तिथल्या कारकुनाने रुखवताची तांब्यापितळेची भांडी, नव्या लुगड्यांच्या घड्या, सारे उतरवून पाहिले, हिशेब केला आणि जकात घेतली. मग त्यानेच सुपारी मागून घेतली आणि नव्या जोडप्याला आशीर्वाद दिला. आजी म्हणायची, "माझं सीमांतपूजन दोनदा झालं. एकदा करोडगिरीच्या शिपायानं केलं, एकदा सासरच्यांनी."

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट पुढे हसण्यासारखी राहिली नाही. १९४७ चा ऑगस्ट उजाडला. पलीकडचे वऱ्हाड स्वतंत्र भारतात गेले आणि अलीकडचा मराठवाडा बाहेर राहिला. जी रेघ काल लुगड्यांच्या घड्या मोजण्यापुरती होती, ती आता जिवावरची झाली. रझाकारांच्या जाचाने माणसे रातोरात शीव ओलांडून वऱ्हाडात आसऱ्याला जाऊ लागली. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या सरहद्दीपलीकडे पडल्या. आजीला माहेर आणि सासर यांच्यामधले अंतर तेवढेच होते. पण माहेर एका देशात आणि सासर दुसऱ्या अंमलात, अशी तेरा महिन्यांची कोंडी झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताच्या फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पुढच्या काही वर्षांत नाके उठले, हाली सिक्का गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि विदर्भ मुंबई राज्यात एकत्र आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. आज बुलढाणा आणि जालना या दोन जिल्ह्यांमध्ये एस. टी. इतक्या सहज जाते की, मध्ये कधी सरहद्द होती हे गाडीतल्या कुणाला ठाऊकही नसते.

पंधरा हजार किलोमीटरांचा बांध

हे सारे मनात ठेवून आता देशाचा नकाशा पाहू. भारताची जमिनीवरची सरहद्द १५,१०६.७ किलोमीटर आहे. शेजारी सात. सर्वांत लांब सरहद्द कुणाशी? वर्गात विचारले की मुले एकमुखाने 'पाकिस्तान' किंवा 'चीन' म्हणतात. खरे उत्तर बांगलादेश. त्याच्याशी ४,०९६.७ किलोमीटर, चीनशी ३,४८८, पाकिस्तानशी ३,३२३, नेपाळशी १,७५१, म्यानमारशी १,६४३ आणि भूतानशी ६९९. उरलेले १०६ किलोमीटर अफगाणिस्तानशी; पण तो तुकडा पाकिस्तानने बळकावलेल्या काश्मीरच्या भागात आहे, म्हणून तो कागदावर आपला असूनही आपल्या जवानाला तिथे उभे राहता येत नाही.

यांतला प्रत्येक बांध निराळ्या हाताने घातला गेला. पंजाब आणि बंगाल यांच्यामधून रेघ ओढायला सर सिरिल रॅडक्लिफ यांना आणले. ते हिंदुस्थानात प्रथमच आले, तेही ८ जुलै १९४७ रोजी. हाताशी जेमतेम पाच आठवडे. आणि निवाडा जाहीर झाला तो १७ ऑगस्टला! म्हणजे पुरे दोन दिवस सीमेवरच्या कैक गावांना आपण कुठल्या देशात स्वतंत्र झालो, हेच कळले नव्हते. आपल्याकडे भूकरमापक एका शेताची मोजणी करायला आला तरी दोन्ही शेजाऱ्यांना नोटीस देतो, दगड दाखवून सह्या घेतो. इथे कोट्यवधी माणसांची वाटणी एका टेबलावर झाली.

चीनच्या बाजूची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पूर्वेकडे १९१४ च्या सिमला परिषदेतली मॅकमहोन रेषा. ती आपण मानतो, चीन मानत नाही. लडाखकडे अक्साई चीनचा सुमारे ३८,००० चौरस किलोमीटरांचा मुलूख चीनने धरून ठेवलेला. मध्ये आहे ती 'प्रत्यक्ष ताबारेषा', आणि तीही नेमकी कुठून जाते याबद्दल दोघांचे एकमत नाही. एकाने मानलेला बांध म्हणजे मातीचे ढेकूळ, असे मी वर म्हटले ते याचसाठी. १९६२ मध्ये त्याची किंमत आपण मोजली आणि २०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात पुन्हा मोजली.

उलट नेपाळ पाहा. १९५० च्या तहापासून ती सरहद्द येण्याजाण्याला मोकळी आहे. लग्ने, बाजार, नोकऱ्या सारे काही इकडून तिकडे चालते. तंटे तिथेही आहेत, पण माणसांची वाट बंद झालेली नाही.

आणि एक उदाहरण असे, की ते आमच्या मराठवाड्याच्या माणसाला लगेच उमगावे. निजामाच्या काळी हद्दींची गुंतागुंत विलक्षण होती. सोलापूर जिल्ह्याचा बार्शी तालुका निजामाच्या मुलुखाने वेढलेला होता. प्रांतांच्या आणि संस्थानांच्या पोटात असे परक्या अंमलाचे तुकडे देशभर पसरलेले होते. प्रजासत्ताक येण्याच्या तोंडावर, १९५० च्या जानेवारीत, ते आसपासच्या राज्यांत विलीन करण्याचा आदेश निघाला आणि प्रश्न मिटला. देशाच्या आतला प्रश्न, म्हणून कलमाच्या एका फटकाऱ्यात मिटला. पण अगदी तसलीच बेटे कूचबिहारच्या बाजूला भारत आणि पूर्व पाकिस्तान, पुढे बांगलादेश, यांच्यामध्ये राहून गेली. भारताची १११ बांगलादेशात, बांगलादेशाची ५१ भारतात. त्यांत एक शेत तर असे होते की, बांगलादेशातल्या भारतीय तुकड्याच्या आत बांगलादेशाचा तुकडा आणि त्याच्याही आत पुन्हा भारताचे ते शेत! तिथल्या माणसाला शाळा नाही, दवाखाना नाही, ओळखीचा कागद नाही. ज्या देशाचा तो नागरिक, त्या देशात जायचे तर परक्या देशातून चोरून जावे लागे. १९७४ मध्ये करार झाला. अंमल व्हायला ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र उजाडावी लागली. त्या अदलाबदलीत भारताकडून गेलेली जमीन आलेल्या जमिनीपेक्षा जास्त होती. हिशेबी माणूस याला तोटा म्हणेल. पण दोन्हीकडची मिळून पन्नास हजारांवर माणसे त्या रात्री पहिल्यांदा कुठल्या तरी देशाची झाली, हा जमेकडचा आकडाही वहीत मांडला पाहिजे.

पाण्यावरची रेघ

निजामाच्या संस्थानाला एक मोठी उणीव होती. ब्याऐंशी हजार चौरस मैलांच्या त्या मुलुखाला समुद्र नव्हता. गोव्यातले मुरगाव बंदर मिळावे म्हणून दरबाराने डोळे लावले होते. ते साधले नाही. म्हणून मी वर्गात सांगतो की, १९४८ च्या सप्टेंबरात आमच्या वाटूरला समुद्र मिळाला. मुले हसतात. पण ते अक्षरशः खरे आहे.

देशाच्या किनाऱ्याची लांबी आपण सर्वांनी शाळेत ७,५१७ किलोमीटर अशी पाठ केली. अलीकडे सरकारने ती नव्याने मोजली आणि आकडा आला ११,०९८.८१ किलोमीटर! महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ होता, तो ८७७.९७ झाला. एक फूटही नवी जमीन न जिंकता देशाचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरांनी वाढला कसा? उत्तर सोपे आहे. जुनी मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावर झाली होती. नवी मोजणी कितीतरी बारकाईच्या नकाशावर. गोधडीची कड काठीने मोजली तर एक माप येते. दोरा घेऊन प्रत्येक दुमडीतून फिरवला तर दुसरे येते. खाडी, खोबण, बेट जितके बारकाईने पाहावे तितकी किनाऱ्याची रेघ लांबत जाते.

पण किनारा म्हणजे सरहद्द नव्हे. सरहद्द त्याच्या पुढे पाण्यात आहे. १९७६ च्या कायद्याने आपण ती ठरवली. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा देशाचा प्रादेशिक समुद्र. तिथे पूर्ण सत्ता. आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरांपर्यंत, मासळी, तेल, खनिजे यांच्यावर हक्क आपला. जहाजे मात्र जगातल्या कुणाचीही ये-जा करू शकतात.

हा ३७० चा आकडा नीट पाहा. वाटूर किनाऱ्यापासून जितके आत आहे, जवळजवळ तितकाच देशाचा हक्क किनाऱ्यापासून बाहेर गेला आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहून एक दोरी पूर्वेला टाकली तर ती आमच्या गावाच्या आसपास पडेल. तीच दोरी पश्चिमेला टाकली तर देशाच्या सागरी हक्काच्या टोकाला पोचेल. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर, याच पट्ट्यात, 'सागर सम्राट'ने १९७४ मध्ये तेल काढले. ते बॉम्बे हाय. समुद्र कधी न पाहिलेल्या शेतकऱ्याचे डिझेल इंजिन विहिरीवर धडधडते, तेव्हा त्याच्या पोटात कदाचित या हद्दीतलेच तेल असते.

जमिनीवर हद्दीचा दगड रोवता येतो. पाण्यात काय रोवणार? तिथे रेघ असते ती अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत आणि दोन सरकारांच्या सह्यांत. इंडोनेशिया, मालदीव, थायलंड, म्यानमार, श्रीलंका यांच्याशी आपले करार १९७४ ते १९८६ या काळात झाले. बांगलादेशाशी तंटा न्यायाधिकरणापुढे गेला. मध्ये एक बेटही भांडणात होते. १९७० च्या वादळानंतर वर आलेल्या त्या वाळूच्या पट्टीवर दोन्ही देशांनी हक्क सांगितला. आणि बेट मात्र पुन्हा पाण्याखाली गेले! २०१४ च्या जुलैत निवाडा झाला. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरांपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले आणि भारताने तो निवाडा मानला. एवढ्या मोठ्या देशाने लहान शेजाऱ्याविरुद्धचा निकाल मुकाट्याने मानावा, यात मला कमीपणा वाटत नाही. गावात असे करणाऱ्याला थोर म्हणतात.

मिटलेली नाही ती पाकिस्तानबरोबरची पाण्यातली रेघ. कच्छच्या रणाचा तंटा १९६८ च्या निवाड्याने संपला. पण पुढची सर क्रीक ही ९६ किलोमीटरांची दलदलीची खाडी तशीच राहिली. ती ठरत नाही, म्हणून समुद्रातली पुढची हद्द ठरत नाही. याची किंमत मोजतात ते कोळी. गुजरातच्या बोटी, त्यांवर गुजरातचे आणि आपल्या पालघरचे खलाशी. मासळीच्या मागे, वाऱ्याच्या ओढीने ते कुठल्या क्षणी पलीकडे गेले हे त्यांनाही कळत नाही. बोट जप्त होते आणि माणसे कराचीच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. किनाऱ्यावरची एखादी बायको त्या यादीतल्या एका नावासाठी वर्षे काढते.

आणि हेही विसरता येत नाही की, १९९३ मध्ये स्फोटके उतरली ती रायगडच्या किनाऱ्यावर, आणि २६ नोव्हेंबर २००८ चे मारेकरी आले तेही समुद्रातूनच, एका पळवलेल्या मासेमारी बोटीवरून. शिवेवर पाहुण्याला ओवाळायचे खरे. पण शिवेवर जागता पहाराही हवा.

त्या मुलाला उत्तर

तो पहारा कोण देतो? १९६२ च्या ऑक्टोबरात इंडो-तिबेट सीमा पोलीस दल उभे राहिले, १९६५ च्या डिसेंबरात सीमा सुरक्षा दल, १९७८ मध्ये तटरक्षक दलाचा कायदा झाला. या दलांतली मुले फक्त सरहद्दीवरच्या गावांतून येत नाहीत. ती कोरडवाहू शेतीच्या गावांतूनही येतात. परतूर-मंठ्याच्या बाजूची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावताना मी पाहतो. त्यांतला एखादा उद्या जैसलमेरच्या वाळूत किंवा तवांगच्या थंडीत उभा राहील. तेव्हा, मुला, तुझा आणि सरहद्दीचा संबंध हा असा आहे. तुझा शेजारचा बाकवाला तिथे जाणार आहे. तो तिथे किती धोक्यात उभा राहील, हे पुष्कळ अंशी यावर ठरते की ती रेघ दोघांनी मानलेली आहे की एकानेच.

म्हणून सरहद्दीचे प्रश्न हे केवळ दिल्लीचे किंवा फौजेचे नव्हेत. तिथे वीतभर कोरलेला बांध सोसू नये, हे तर खरेच. पण जिथे बोलून, मोजून, थोडे देऊन-घेऊन दगड पक्का रोवता येतो, तिथे तो रोवणाऱ्याला भ्याड म्हणू नये. नकाशावर मूठ आपटणे सोपे असते, आणि ते देशाच्या पोटात बसलेल्या आपल्यासारख्यांना तर फारच सोपे असते. त्याची जकात मात्र दूर कुठे तरी कोळ्याची बायको आणि जवानाची आई भरत असते.

दिवाळीत आपण पणती आधी कुठे ठेवतो? उंबऱ्यावर. उंबरा म्हणजे घराची सरहद्दच. घर आपले आणि बाहेरची वाट सर्वांची, हे दोन्ही ती पणती सांगत असते. यंदा ती लावताना, जे दूरच्या उंबऱ्यांवर जागे आहेत त्यांचीही आठवण घरात एकदा निघावी, एवढेच या मास्तराचे मागणे. वाचकांना दिवाळी सुखाची जावो!